सतरा नंबरची पाटी

समजा, एक काम तुमच्याकडे आलं आहे. दोन खोल्यांचं घर, मध्ये एक पॅसेज, पुढे गॅलरी, आणि त्या घरात एकटा राहणारा वयस्कर माणूस. तुम्हाला एवढंच करायचं आहे की त्याला अंधारात बटण चाचपडावं लागू नये. शिडी लावा. पॅसेजच्या छताला सुपारीएवढा सेन्सर चिकटवा. गॅलरीच्या बटणामागे काडेपेटीएवढं यंत्र बसवा. मग खाली उतरा, खुर्चीत बसा आणि मोबाइलवर नियम लिहा. जर सूर्य मावळला, तर गॅलरीतला दिवा लावा. जर दहा वाजले, तर तो मालवा. जर पॅसेजमध्ये हालचाल झाली, तर तिथला दिवा लावा. जर पाच मिनिटं हालचाल झाली नाही, तर मालवा. झालं. समोर ठेवलेला चहा निवायच्या आत काम संपतं.

आता त्या शेवटच्या ओळीकडे पुन्हा बघा. पाच मिनिटं हालचाल झाली नाही, म्हणजे नेमकं काय झालं? तुम्ही म्हणाल, माणूस तिथून निघून गेला. दुसरं काय होणार?

दिवेताईसुद्धा हेच म्हणाली असती. दोनशेच्या वर घरांत तिने ही ओळ लिहिली होती.

दिवेताई हे काही तिचं नाव नव्हे. पण ज्या घरात ती शिडी घेऊन जायची, तिथली पोरंटोरं दुसऱ्या भेटीपासून तिला याच नावाने हाक मारायची आणि मग मोठ्यांच्या तोंडीही तेच बसायचं. बारीक अंगाची, भराभर बोलणारी, खांद्याला निळी पिशवी. पिशवीत टेस्टर, पक्कड, चिकटपट्टी आणि मोज्यांचा एक जादा जोड, कारण लोकांच्या घरात ती बूट काढून शिरायची आणि शिडीची पायरी पायाला लागायची. इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतल्यावर चार वर्षं तिने एका कारखान्यात मशीनची सर्किट बोर्डं तपासली, मग कंटाळून हे स्वतःचं काम सुरू केलं. गिऱ्हाइकांच्या खोड्या तिला पाठ होत्या. एका घरात नवराबायकोचं भांडण असं की तो दिवा पिवळा करायचा आणि ती पांढरा. एका आजोबांनी दिवे आपोआप लागतात म्हणून घरात भूत शिरल्याची हाकाटी केली होती. अशा वेळी ती हसून म्हणायची, "आजोबा, भूत मीच आहे. काही अडलं तर फोन करा."

हे विजेचं वेड तिच्यात आलं बाबांकडून. बाबा लाइनमन होते. वीज कार्यालयात चौतीस वर्षं खांबावर चढले. वादळवारं झालं, गावचे दिवे गेले की लोक घरात बसत आणि बाबा घराबाहेर पडत. लहानपणी तिला वाटायचं की दिवे बाबाच लावतात, सगळ्यांचे. ती शाळेत तसं सांगायचीही, आणि कोणाला खोटं वाटलं तर मारामारीवर यायची.

बाबांच्या खात्यात एक रीत होती. खांबावर चढण्याआधी लाइनमनने आपल्या हाताने लाइन बंद करायची आणि त्या खटक्यावर आपल्या नंबरची पत्र्याची पाटी अडकवायची. ज्याने पाटी लावली त्यानेच ती काढायची. दुसऱ्या कोणी नाही. साहेबाने नाही, साहेबाच्या साहेबाने नाही. कारण पाटी आहे याचा अर्थ वर माणूस आहे, आणि खाली कोणी शहाणपणाने खटका ओढला तर वरचा माणूस जळून जाईल. बाबांचा नंबर सतरा. एकदा ते अंगात ताप घेऊन खांबावरून उतरले आणि तसेच घरी येऊन झोपले, पाटी तिकडेच. अर्धं गाव अंधारात. मुकादम, दोन मदतनीस, खुद्द साहेब, सगळे त्या खटक्यासमोर उभे, पण पाटीला हात लावायची कोणाची छाती होईना. शेवटी जीप पाठवली. बाबांना घोंगडीसकट उचलून नेलं, त्यांनी पाटी काढली, आणि तसंच घोंगडीसकट परत आणून टाकलं. ही गोष्ट बाबा इतक्या वेळा सांगायचे की आई स्वयंपाकघरातून मध्येच म्हणायची, "घोंगडी माझी होती, तीही कोणी परत धुऊन दिली नाही."

निवृत्तीच्या दिवशी कार्यालयाने शाल दिली, घड्याळ दिलं. बाबांनी मागून घेतली ती पाटी. घरी आल्यावर गॅलरीच्या दाराशी, दिव्याच्या बटणाशेजारी, एक खिळा ठोकला आणि तिथे अडकवली. कडा गंजलेल्या, मधला सतराचा आकडा मात्र झगझगीत. ते तो दर दोन वर्षांनी रंगवत आले होते.

आई गेली त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून लेकीचं एकच पालुपद, माझ्याकडे चला. तिचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून तासाभरावर. जावई भला माणूस, त्यालाही हवं होतं. पण बाबा काही दाद देत नव्हते. इथे माझी गॅलरी आहे, इथे माझा रस्ता आहे, तुझ्या सातव्या मजल्यावरून मला कावळेसुद्धा वरून बघावे लागतात, असं काहीबाही म्हणत ते विषय उडवून लावायचे. मग मागच्या वर्षी ते पॅसेजमध्ये अंधारात अडखळले. कपाळाला टाके पडले. त्या दिवशी बापलेकीत तह झाला. ती घरात आपले दिवे बसवणार, आणि दिवे नीट चालले तर बाबा आपल्या घरात राहणार.

दिवे बसवायचा दिवस तिच्या अजून डोळ्यांपुढे आहे. बाबांनीच शिडी धरली होती. ती वरून यंत्र दाखवत होती, ते खालून चुका काढत होते. वायरची टोकं जास्त सोललीस. स्क्रू आधी हाताने बसव. नियम लिहायला बसली तेव्हा ते चष्मा लावून शेजारी आले आणि चार ओळी वाचून म्हणाले, "आयुष्यभर लोक सांगत आले, जर-तरच्या गोष्टी करू नये. आणि तू तर त्याच्यावरच पोट भरतेस."

ती हसली. तेही हसले. मग त्यांची नजर गॅलरीच्या दाराकडे गेली. नवं बटण मोठं होतं, चौकट भिंतीत बसवायची तर शेजारचा खिळा आड येत होता. तिने तो उपटून काढला होता.

"पाटी कुठाय?"

"ड्रॉवरमध्ये ठेवलीय, बाबा. बटणाला आड येत होती."

बाबांनी भिंतीतल्या भोकाकडे बघितलं.

"बरं," म्हणाले.

बरं हा बाबांचा शब्द होता. पटलं तरी बरं, नाही पटलं तरी बरं. फरक आवाजात असायचा आणि तो फरक आईला कळायचा. लेकीला त्या दिवशी कळला नाही. तिला पुढच्या कामाला जायचं होतं.

बाबांच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे, झेरॉक्स मावशींचं दुकान. वह्या, पेनं, फॉर्म आणि एक खोकणारं झेरॉक्स मशीन. मावशी मागच्याच खोलीत राहायच्या. त्यांच्या जिभेला हाड नव्हतं, पण मनात काही नसायचं. बाबांना त्या 'लाइनमन' म्हणायच्या आणि रस्त्याच्या पलीकडून ओरडून त्यांची खबर घ्यायच्या. आई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात बाबा दोन दिवस तापाने पडून होते आणि कोणाला पत्ता नव्हता. तिसऱ्या दिवशी मावशी जिना चढून वर आल्या, त्यांना झापझाप झापलं आणि जाताना नियम घालून दिला. रोज सात वाजता मी दुकान बंद करते. तोवर तुमच्या गॅलरीत दिवा दिसला पाहिजे. नाही दिसला तर मला वर यावं लागेल, आणि माझे गुडघे किती दुखतात ते तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा मुकाट दिवा लावत जा.

असं ठरलं. बाबा रोज आपल्या हाताने गॅलरीतला दिवा लावत. मावशी दुकानाचं शटर ओढत आणि कुलूप घालण्याआधी हाताने दोनदा ठोकत, धडधड. म्हणजे दिसला. बाबांची एकच अट होती, पोरीला सांगायचं नाही. तिला कळलं की बापाला रोज संध्याकाळी आपण जिवंत असल्याची खूण करावी लागते, तर ती उचलून नेईल.

म्हणून दिवेताईला यातलं काही ठाऊक नव्हतं.

दिवे बसल्यावर पहिला महिना छान गेला. ती रोज दुपारी मोबाइलवर बाबांच्या घराच्या नोंदी बघायची, डॉक्टरने नाडी बघावी तशी. बाबा किती वाजता उठले, पॅसेजमधून किती वेळा गेले, सगळं दिसायचं. तिला ते बाबांशी बोलल्यासारखं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर त्यामुळे तिचे फोन थोडे कमी झाले. या नोंदींत एक गोष्ट तिला खटकायला लागली. रोज सूर्यास्ताला गॅलरीतला दिवा नियमाप्रमाणे लागायचा, आणि सातच्या आसपास कोणीतरी बटणाने तो मालवून लगेच पुन्हा लावायचं. रोज. एक दिवस चुकला नाही.

तिने दोन तर्क केले. एक, नव्या बटणाचा संपर्क नीट नाही. दोन, बाबांना अजून सवय नाही, ते जुन्या सवयीने बटण दाबतात, दिवा जातो, मग चूक कळून पुन्हा लावतात. दुसरा तर्क तिला पटला. गिऱ्हाइकं हेच करायची, आणि त्यावर तिच्याकडे ठरलेला उपाय होता. बसमध्ये बसल्या बसल्या तिने मोबाइलवर आणखी एक नियम लिहिला. सूर्यास्तापासून दहापर्यंत गॅलरीचं बटण चालणार नाही. दिवा लागलेलाच राहील. अर्ध्या मिनिटाचं काम. पुढचा थांबा यायच्या आत तिने मोबाइल पिशवीत टाकलाही.

दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन आला. ते स्वतःहून फोन करत नसत.

"अगं, गॅलरीचं बटण ऐकत नाही."

"ऐकायची गरजच नाही, बाबा. दिवा आपला आपण लागतो ना?"

"लागतो."

"मग झालं तर. तुम्ही बटणाकडे बघूच नका."

"हाताने लागला असता तर बरं होतं."

तिला वाटलं, हे म्हाताऱ्या माणसाचं यंत्राशी भांडण आहे. रविवारी येते, नीट समजावून सांगते, असं म्हणून तिने फोन ठेवला. त्या रविवारी एका बंगल्याचं काम निघालं, एकोणीस खोल्या. पुढच्या रविवारी त्याच बंगल्याचं उरलेलं काम. बाबांनी मध्ये आणखी दोनदा बटणाचा विषय काढला. दोन्ही वेळा ती शिडीवर होती. दोन्ही वेळा बाबा म्हणाले, "बरं."

तिकडे बटण बंद झाल्याच्या पहिल्याच संध्याकाळी मावशी गुडघे सांभाळत वर आल्या होत्या. दिवा आपोआप लागायला लागल्यापासून तो सातला एकदा मालवून लावायचा अशी त्यांची नवी खूण ठरली होती. बाबांनी सांगितलं की बटण बिघडलंय, लेक रविवारी येऊन नीट करील. तोवर मी सात वाजता गॅलरीत येऊन हात वर करीन. मावशी म्हणाल्या, करा, राजाने प्रजेला दर्शन दिल्यासारखं करा. आणि बारा दिवस बाबांनी ते केलं. बारा दिवस मावशींनी हात बघितला आणि शटर ठोकलं.

तेराव्या दिवशी फॉर्म भरायची शेवटची तारीख होती. दुकानात पन्नासेक पोरं दाटीने उभी, मशीन तापून दोनदा बंद पडलेलं. शेवटचा माणूस गेला तेव्हा मावशींचे पाय भरून आले होते. त्या बाहेर आल्या, समोर वर बघितलं. गॅलरीत दिवा होता. दोन वर्षांची सवय. डोळ्यांना दिवा दिसला आणि हाताने शटर ओढलं. धडधड. हात दिसला नाही हे त्यांना आत गेल्यावरही आठवलं नाही.

सकाळी दहा वाजता दाराच्या कडीत अडकलेलं वर्तमानपत्र त्यांना रस्त्यावरून दिसलं.

त्या वर गेल्या, दार उघडवून घेतलं. बाबा पॅसेजमध्ये पडले होते, उजव्या कुशीवर. शुद्धीत होते, पण उजवं अंग हलत नव्हतं. मावशींचा फोन आला तेव्हा दिवेताई एका स्वयंपाकघरातल्या कपाटाखाली दिव्याची पट्टी चिकटवत होती. पुढचं तिला तुटक आठवतं. ती थेट इस्पितळात पोचली. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई हातात कागद घेऊन उभी होती आणि पुन्हा पुन्हा एकच विचारत होती. त्रास नेमका किती वाजता सुरू झाला? शेवटचं नीट चालताना त्यांना कोणी पाहिलं? मेंदूत रक्ताची गाठ अडकली आहे, ती विरघळवायचं औषध पहिल्या चारेक तासांतच देता येतं, म्हणून वेळ हवी.

दिवेताईने पिशवीतून मोबाइल काढला. नोंदी उघडल्या.

"काल दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईने लिहिता लिहिता वर बघितलं. "तुम्ही तिथे होतात?"

"नाही."

डॉक्टरीणबाईने वेळ लिहिली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि कागदावरची पुढची एक चौकट रिकामी सोडली. औषधाची चौकट होती ती.

इस्पितळाच्या बाकावर झेरॉक्स मावशी पदराने डोळे पुसत बसल्या होत्या. त्या कधी रडत नसत, त्यामुळे त्यांना नीट रडताही येत नव्हतं, मध्येच खोकला येत होता. त्यांनी सगळं सांगितलं. ताप, सात वाजताची अट, शटर, मालवून लावायची खूण, वर केलेला हात. स्वतःला दोष देत सांगितलं. माझेच डोळे फुटले, मीच नीट बघितलं नाही, दिवा नसता तर गुडघे मोडले असते तरी वर आले असते.

दिवेताई ऐकत होती. दिवा नसता तर. सातला मावशी वर आल्या असत्या. इस्पितळ दहा मिनिटांवर. साडेसातपर्यंत औषध शिरेत गेलं असतं, चार तास पुरे व्हायच्या आत. हिशेब इतका सोपा होता की तो करायला कागदही लागला नाही.

ती मावशींना एवढंच म्हणाली, "बटण बिघडलं नव्हतं, मावशी. मी बंद केलं होतं."

मावशींना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

बाबा चौथ्या दिवशी साधारण खोलीत आले. त्या दुपारी, ते झोपलेले असताना, दिवेताईने खिडकीपाशी उभं राहून त्या तेराव्या दिवसाच्या नोंदी पहिल्यांदा पूर्ण वाचल्या. तोवर तिची चार बाराच्या पुढे जायची हिंमत झाली नव्हती. तिला वाटलं होतं पुढे काहीच नसेल.

चार बारा, पॅसेजमध्ये हालचाल, दिवा लागला. चार सतरा, हालचाल नाही, दिवा मालवला. बाप खाली पडलेला असताना तिच्या नियमाने, ती लोकांना अभिमानाने सांगायची तशी, विजेची बचत केली होती. मग दोन तास काही नाही. सहा अडतीस, सूर्यास्त, गॅलरीतला दिवा लागला. त्याचा उजेड उघड्या दारातून पॅसेजपर्यंत पोचतो, हे तिला ठाऊक होतं.

सहा एकोणचाळीस. पॅसेजमध्ये हालचाल.

तिने मोबाइल खाली घेतला, पुन्हा वर घेतला. दोन तास हालचाल नाही, आणि गॅलरीतला दिवा लागल्यावर एका मिनिटात हालचाल. पॅसेजमधला दिवा लागला. सहा चव्वेचाळीसला मालवला. सहा पंचेचाळीस, हालचाल, दिवा लागला. पन्नासला मालवला. एक्कावन, हालचाल. सात वाजून एक मिनिट, हालचाल. तेव्हा खाली शटर वाजलं असणार, धडधड, दिसला. त्यानंतरही दर पाच-सहा मिनिटांनी. दिवा मालवायचा आणि कोणीतरी एक हात उचलायचं. सव्वा आठपर्यंत. मग नाही.

नवऱ्याने त्या नोंदी बघून तिला समजावलं की अर्धांगाच्या झटक्यामध्ये हातपाय आपोआप उडतात, त्याचा काही अर्थ लावू नकोस. नंतर एकदा तोच म्हणाला, बाबांना कदाचित मावशींना दाखवायचं असेल, दिवा मालवून लावायचा, तीच खूण, बटण नाही तर सेन्सरने. लाइनमन माणूस, सुचलं असेल. हे ऐकून तिला आधी बरं वाटलं आणि मग त्याहून वाईट. कारण पॅसेजचा दिवा रस्त्यावरून दिसतच नाही, आणि हे घर बाबांइतकं कोणाला ठाऊक होतं?

आता बाबा तिच्याकडे, सातव्या मजल्यावर राहतात. तहात तेच हरले. उजवा हात मांडीवर ठेवला तिथे राहतो. पावलं काठीने हळूहळू पडतात. वाचा गेली आहे, म्हणजे एक शब्द सोडून बाकीची गेली आहे. चहा हवा? बरं. चहा नको? बरं. दुखतंय का? बरं. व्यायाम करून घेणारी बाई म्हणते, कळतं सगळं, कदाचित, पण शब्द सापडत नाहीत, आणि बरं म्हणजे होच असेल असं धरू नका. मावशी पंधरवड्याला दोन बस बदलून येतात, सातव्या मजल्याला शिव्या घालतात, आणि बाबांना म्हणतात, "काय लाइनमन, इथून आम्ही मुंगीएवढे दिसत असू." बाबा म्हणतात, बरं. त्या वेळी मात्र त्यांच्या गालावर एका बाजूने हसू येतं.

दिवेताईने काम सोडलं नाही. लोकांना वाटलं होतं सोडेल. पण ती आता नियम लिहिण्याआधी त्या घरात एक अख्खी संध्याकाळ नुसती बसते. कोण कोणता दिवा लावतं, कधी, आणि लावल्यावर कुठे बघतं, हे बघते. गिऱ्हाइकं कंटाळतात. एक बाई म्हणाली, ताई, दिवे बसवायला आलात की आमची सोयरीक जमवायला? ती हसते आणि बसून राहते. म्हातारं माणूस असेल तर घरातला एक दिवा नियमाबाहेर ठेवते. तो ज्याचा त्याने लावायचा. का म्हणून विचारलं तर सांगते, माझ्या वडलांच्या खात्याची रीत आहे. आणि हालचाल थांबली तर दिवा मालवणारी ती ओळ अशा घरांत तिने आता नव्याने लिहिली आहे. आधी तिच्या फोनवर घंटा वाजते. दिवा मालवत नाही.

तिच्या घरात बाबांच्या खोलीला साधं बटण आहे. त्यांच्या डाव्या हाताला येईल एवढ्या उंचीवर. शेजारी खिळा, खिळ्यावर पाटी. पाटी आणायला ती जुन्या घरी गेली तेव्हा ड्रॉवर उघडायला तिला बराच वेळ लागला होता. सतराचा आकडा मळला होता, तो तिने पांढऱ्या रंगाने पुन्हा काढला. सातची शेपटी वाकडी आली. बाबांनी ती बोटाने चाचपली आणि तिच्याकडे बघितलं. आई असती तर तिला कळलं असतं, ते काय बघणं होतं.

संध्याकाळी ते काठी टेकत उठतात, बटणापाशी जातात, दिवा लावतात. घरात कोणी त्यांच्या आधी लावत नाही. खोली अंधारून आली तरी सगळे थांबतात. मग ते खुर्चीत येऊन बसतात आणि ती त्यांच्या पायाशी, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून.

तिने त्यांची माफी मागितली आहे. त्यावर ते म्हणाले, बरं. बटणाचं सांगितलं, बंगल्याच्या एकोणीस खोल्यांचं सांगितलं, शिडीवरून घेतलेल्या फोनचं सांगितलं. बरं, बरं, बरं. एवढं सगळं बोलून झालं तरी एक गोष्ट राहते. ती गोष्ट ती रोज विचारत नाही, कारण उत्तर काय येणार ते तिला ठाऊक आहे आणि त्या उत्तराने काहीच कळणार नाही. पण एखाद्या दिवशी दिव्याचा उजेड जमिनीवर पसरतो, बाबांचा डावा हात खुर्चीच्या दांडीवरून जरासा उचलला जातो, आणि तिच्याने राहवत नाही.

"बाबा, त्या दिवशी गॅलरीतला दिवा लागला तेव्हा तुम्ही हात हलवलात. तुम्हाला वाटलं का, की मी आले?"